दीड लाखात दोघांची बाली: पैसे कुठे वाचतात आणि बाजारात काय बघून घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या मानेवाड्याचं एक जोडपं, लग्नाला पाच वर्षं झालेली, मे महिन्यात सहा रात्री बालीला जायचं म्हणतंय. विमानासकट सगळं मिळून दीड लाख. बाईंना बाजार मनसोक्त फिरायचा आहे, दोन्ही घरच्या दहा-बारा माणसांसाठी काहीतरी आणायचं आहे आणि स्वतःसाठी एखादी चांगली वस्तू घ्यायची आहे. पॅकेज घ्यावं की आपलं आपण जावं, पैसे कुठे वाचतील आणि बाजारात फसवणूक कशी टाळायची, असं त्यांनी विचारलंय.

दीड लाखात होतं. वीस हजार खरेदीला बाजूला काढूनही होतं. मी नागपुरात बरीच वर्षं सहलींचं काम करते आणि बजेट कोलमडलेले लोक परत आल्यावर माझ्यासमोर बसून हिशोब मांडतात, तेव्हा गळती जवळजवळ नेहमी एकाच जागी सापडते: गाडीभाडं. रोज नवं ठिकाण, रोज सात-आठ तास गाडीत. बाजारातला तोटा वेगळ्या जातीचा असतो. तिथे माणूस अर्धा तास घासाघीस करून पन्नास हजार रुपिया कमी करून घेतो आणि छापील कापड हातचं बाटिक समजून आनंदानं घरी आणतो. म्हणून या उत्तरात मुक्काम आणि रस्ता आधी, मग माल कसा ओळखायचा ते. माझं माहेर गोळीबार चौकाजवळचं, कोष्ट्यांचं घर. मागाच्या आवाजात वाढले, त्यामुळे कापडावर जरा जास्तच बोलेन.

आधी चलन. तिथे रुपिया चालतो आणि आकडे बघून पहिल्या दिवशी डोकं गरगरतं. लाख रुपियाचे आपले साडेपाचशेच्या आसपास धरा. भाव थोडा वरखाली होतो. शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्याला साडेपाचनं गुणायचं. पन्नास हजार म्हणजे पावणेतीनशे रुपये. दोन दिवसांत जिभेवर बसतं.

आता दीड लाख कसे बसतात ते. दोघांची येण्याजाण्याची तिकिटं ८० हजारांच्या आसपास आटोपायला हवीत. व्हिसा माणशी ५ लाख रुपिया आणि बालीचा पर्यटक कर माणशी दीड लाख रुपिया, म्हणजे दोघांचे मिळून ७ हजारांच्या थोडं वर. नाश्त्यासकट साध्या, स्वच्छ गेस्टहाउसची खोली दोन हजारांच्या आत-बाहेर मिळते, सहा रात्रींचे १२ हजार. वारुंगमध्ये, म्हणजे तिथल्या घरगुती खानावळीत जेवलात तर दोघांचं दिवसाचं खाणं-पिणं हजार-बाराशेत भागतं. चालकासह गाडी दिवसभरासाठी ६ ते ८ लाख रुपिया, म्हणजे चार हजारांच्या आसपास; ती दोनच दिवस घ्यायची. बाकीची ये-जा, प्रवेश तिकिटं, एक नाच, प्रवास विमा यांना १०-१२ हजार. उरतात ते वीस हजार बाजाराचे. गाडी सहाही दिवस घेतलीत की यातले सोळा-सतरा हजार थेट तिकडे जातात, आणि मग बाईंच्या खरेदीला कात्री लागते. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता गाडीचे दिवस ठरवल्याशिवाय मी पुढे बोलतच नाही.

नागपूरहून बालीला थेट विमान नाही. बंगळुरू किंवा मुंबई गाठून तिथून थेट जाता येतं. पूर्ण प्रवास एकाच बुकिंगवर घ्या. नागपूर-बंगळुरू वेगळं आणि पुढचं वेगळं घेतलं की हजार-दोन हजार वाचलेले दिसतात, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही परत करत नाही. तसंच करायचं असेल तर मध्ये एक रात्र ठेवा. रेल्वेनं चेन्नई किंवा कोलकाता गाठून तिथून क्वालालंपूरमार्गे जाणारी मंडळीही आहेत. ज्यांच्याकडे सुट्टी भरपूर आहे त्यांनाच ते परवडतं. सहा रात्रींच्या सहलीत दोन्हीकडचा एकेक दिवस रेल्वेत घालवू नका.

पॅकेजबद्दल माझं मत स्पष्ट आहे, जरी माझं पोट त्याच धंद्यावर असलं तरी. सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर पॅकेज घ्यावं. तुम्ही दोघंच, धडधाकट, बाजार फिरायची हौस असलेले. तुमच्या वेळापत्रकात दुसऱ्या कुणी घड्याळ लावलेलं तुम्हाला सोसणार नाही. शिवाय परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आगाऊ घ्यायचा कर, कापला जातो. आयकराचं विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण तोवर रक्कम अडकून पडते. तिकीट आणि विमा कुणा जाणत्याकडून काढा, बाकीचं स्वतः करा.

मुक्काम दोनच ठिकाणी: चार रात्री उबुद, दोन रात्री सानूर. उबुद बेटाच्या मधोमध, शेतांच्या आणि कारागिरांच्या गावांच्या मधे. सानूर समुद्रकाठी, विमानतळापासून जवळ. लाटा बाहेरच्या प्रवाळाच्या बांधावर फुटतात, त्यामुळे किनाऱ्यालगत पाणी शांत असतं, आणि काठानं कित्येक किलोमीटर चालायची पक्की वाट आहे. संध्याकाळी तिथल्या सिंधू बाजारात रात्रीच्या खाण्याच्या गाड्या लागतात, तिथे स्वस्तात जेवण होतं. कुटा-सेमिन्याकची नावं सगळ्यांना माहीत असतात, पण तिथला खर्च आणि वाहतूक दोन्ही तुमच्या बजेटला धरून नाहीत. उबुद ते कुटा अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर आहे आणि दीड-दोन तास सहज जातात.

गाडीचा पहिला दिवस उत्तरेकडे: तेगालालांगची पायऱ्यांची भातशेती, तीर्था एम्पुलचं झऱ्यांचं देऊळ, वर किंतामणीहून बातूर ज्वालामुखी, आणि परत उबुद. गाडीचा दुसरा दिवस म्हणजे उबुद सोडून सानूरला जायचा दिवस, आणि खरेदी त्याच दिवशी करायची. नकाशा उघडून बघा: उबुदहून दक्षिणेला निघालं की त्याच रस्त्यावर आधी मास येतं, लाकडी कोरीवकामाचं गाव, मग सुकावती, जिथे कला-बाजार आहे, मग चेलुक, चांदीकाम करणाऱ्यांचं गाव, आणि मग सानूर. बॅगा गाडीतच असतात, घेतलेलं सामान गाडीतच ठेवता येतं, आणि जे भाडं मुक्काम बदलण्यासाठी द्यावंच लागलं असतं त्यातच बाजार होतो. उरलेले उबुदचे दिवस पायी: कांपुहानच्या टेकडीवरची वाट, राजवाड्यातला संध्याकाळचा नाच, सकाळचा बाजार. पेनिदा बेटाला जायची इच्छा असेल तर बोटी सानूरहूनच सुटतात. मात्र त्या एका दिवसाचे सात-आठ हजार होतात आणि ते खरेदीतूनच जाणार, तेव्हा दोघांनी आधीच बसून ठरवा.

स्कूटर तिथे दिवसाला पाचशे रुपयांत मिळते आणि नागपूरकराला मोह होतोच. आरटीओतून दुचाकीसाठीचा आंतरराष्ट्रीय परवाना काढला असेल तरच घ्या. परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारते, आणि तिथल्या खासगी रुग्णालयाचं एक बिल सहलीच्या दुप्पट असू शकतं. शंभर-सव्वाशे रुपयांची हेल्मेट नाही, नीट पट्टा लागणारी मागून घ्या.

मे महिना तुम्ही चांगला निवडलात. तिथे एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा ऋतू असतो. नागपूर पंचेचाळीस अंशांत भाजत असताना बालीत तीस-एकतीस. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र गर्दी आणि भाव दोन्ही चढतात. मार्चमध्ये जाणाऱ्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. बालीचं नववर्ष, न्येपी, आपल्यासारखंच शकावर चालतं, आणि काही वर्षी पाडव्यालाच येतं. २०२३ मध्ये दोन्ही २२ मार्चलाच होते. त्या दिवशी अख्खं बेट बंद असतं. रस्त्यावर पाऊल टाकता येत नाही, दिवे मंद ठेवावे लागतात, विमानतळसुद्धा २४ तास बंद. बघण्यासारखा दिवस आहे, पण नकळत त्या तारखेचं तिकीट निघालं तर फार गोंधळ होतो.

जेवणाचं थोडक्यात. शाकाहारी असाल तर गाडो-गाडो, म्हणजे दाण्याच्या चटणीतल्या भाज्या, टोफू आणि टेंपे. टेंपे सोयाबीनचंच असतं. विदर्भात शेतांमागून शेतं सोयाबीनची असून आपण ते असं खात नाही, हे मला तिथे गेलं की दर वेळी जाणवतं. सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या तिखट चटणीत बऱ्याचदा वाटलेल्या कोळंबीची तेरासी असते, आणि देणाऱ्याला त्यात मांसाहार वाटत नाही. म्हणून नुसतं शाकाहारी म्हणून भागत नाही, ‘तेरासी नको’ असं वेगळं सांगा. सावजी पचवलेल्या माणसाला त्यांच्या तिखटाची भीती नको.

पैसे बदलताना मात्र डोळ्यांत तेल घाला. सोबत डॉलर न्या, नव्या, न दुमडलेल्या नोटांचे. शंभराच्या नोटेला सुट्ट्यापेक्षा बरा भाव मिळतो. थोडे फॉरेक्स कार्डवर ठेवा. विमानतळावर पहिल्या दिवसापुरतेच बदला. बँक इंडोनेशियाचा परवाना दर्शनी लावलेल्या, काचेची खिडकी आणि छापील पावती असलेल्या दुकानातच जा. गल्लीतल्या टेबलावर सगळ्यांपेक्षा चढा भाव लिहिलेला असतो, तिथे काय होतं ते नीट वाचा. टेबलावरचा माणूस मुद्दाम लहान नोटा देतो. टेबलावर दहा-दहाच्या ओळी मांडतो. तुम्ही मोजता, बरोबर भरतात. मग तो ‘एकदा मी पण बघतो’ म्हणून सगळा गठ्ठा उचलतो, कडा सारख्या करायला टेबलावर ठोकतो, आणि त्या ठोकण्यात गठ्ठ्यामागच्या नोटा त्याच्या बाजूला खाली सरकतात. तुमच्या हातात येतो तो गठ्ठा तुम्ही आधीच मोजलेला असतो, म्हणून तुम्ही परत मोजत नाही. नियम एकच: शेवटची मोजणी तुमची, आणि मोजल्यावर नोटा परत त्याच्या हातात जाऊ द्यायच्या नाहीत. त्यानं मागितल्या तर डॉलर परत घ्या आणि बाहेर पडा. नोटांचे रंगही लक्षात ठेवा: लाखाची तांबडी, पन्नास हजारांची निळी, वीस हजारांची हिरवी, दहा हजारांची जांभळी. व्हॉट्सअॅपवर फिरणारी गणपतीचं चित्र असलेली वीस हजारांची नोट १९९८ ची आहे, ती चलनातून केव्हाच गेली. कुणी दिली तर घेऊ नका.

आता बाजार. पहिल्याच दिवशी काही घेऊ नका. उबुदच्या राजवाड्यासमोरचा बाजार बघायचा तर भल्या सकाळी जा, तेव्हा भाजी, फुलं, पूजेच्या परड्या यांची धांदल असते आणि ती बघण्याचंच सुख आहे. फुटपाथवर, दुकानांच्या उंबऱ्यावर नारळीच्या पानांच्या छोट्या परड्यांत फुलं आणि उदबत्ती ठेवलेली दिसेल. तो नैवेद्य असतो, त्यावर पाय पडू देऊ नका. कला-वस्तूंची दुकानं नंतर उघडतात. तिथे भाव पर्यटकांचा असतो. त्याआधी एखाद्या ठरावीक भावाच्या मोठ्या दुकानात चक्कर मारून पिशवी, सारोंग (कमरेला गुंडाळायचं कापड), साबण, कॉफी यांवर लावलेल्या किमती वहीत लिहून घ्या. तो आकडा हातात असला की सुकावतीत बोलणं सोपं जातं.

सुकावतीला सकाळीच पोहोचा. तिथेही बोहनी मानतात. पहिलं गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून दुकानदारीण सकाळी खरोखर कमी भाव धरते, आणि पैसे मिळाल्यावर ती नोट दुकानातल्या बाकीच्या मालावरून फिरवते, थापटते. बर्डी-इतवारीत वाढलेल्या माणसाला ते बघून परकं वाटतच नाही. ती आकडा कॅल्क्युलेटरवर दाखवेल. तुम्ही निम्म्याच्या आसपास सांगा, साठ टक्क्यांपर्यंत जुळलं तर घ्या. हसत बोला, आवाज चढवू नका. चढलेला आवाज तिथे असभ्यपणा धरतात. घ्यायचं नसेल तर भाव विचारत बसू नका, आणि तुमचा आकडा तिनं मानला की मग माघार घ्यायची नाही. दहा जणांच्या भेटी दहा दुकानांतून घेण्यापेक्षा एकाच बाईकडून घ्या; चौथ्या-पाचव्या नगापासून भाव आपोआप उतरतो. आणि शेवटच्या पाच-दहा हजार रुपियांसाठी ताणू नका. आपल्याकडे ते तीस-पन्नास रुपये होतात.

गाडीवाल्याला सकाळीच सांगा की आम्ही फक्त आम्ही म्हणू तिथेच थांबणार. मुख्य रस्त्यावरची, बस उभ्या राहतील एवढ्या अंगणाची शोरूम असतात, तिथे तुमच्या खरेदीवर चालकाला कमिशन मिळतं आणि ते तुमच्याच बिलात चढलेलं असतं. चालकाचा रोजगार कमी असतो, तो त्याचं बघणारच. म्हणून मी माझ्या लोकांना सांगते, त्याला जेवण द्या, शेवटी बक्षिशी वरून द्या आणि दुकानं स्वतः निवडा.

कापडात तीन गोष्टी दिसतील: छापील, बाटिक आणि एंदेक. बाजारात लटकलेले बहुतेक सारोंग रेयॉनवर यंत्रानं छापलेले असतात. चाळीस ते साठ हजार रुपियांत मिळतात, समुद्रावर गुंडाळायला, देवळात नेसायला, मावशीला द्यायला उत्तम. फक्त त्यांना बाटिक म्हणून दाम मोजू नका. बाटिक म्हणजे कापडावर वितळलेल्या मेणानं नक्षी झाकून मग रंगवलेलं. कापड उलटं करा. मेण कापडात आरपार मुरतं, म्हणून उलट बाजूलाही नक्षी आणि रंग जवळजवळ तसाच असतो. छपाईची उलट बाजू फिकी, पांढुरकी. मग एकच फूल हातभर अंतरावर परत शोधा. तांब्याच्या ठशानं केलेलं असेल तर फूल सारखंच असतं पण ठशांचे सांधे बारीक चुकलेले दिसतात. हातानं काढलेलं असेल तर दोन फुलं कधीच सारखी नसतात. कुठे रेष जाड, कुठे मेणाचा थेंब निसटल्याचा ठिपका. नाकाशी धरलंत तर मेणाचा मंद वास येतो. ठशाचं सुती कापड दीड-दोन लाख रुपियांपासून, हातचं त्याच्या कितीतरी वर. बाटिकचं मूळ घर जावा बेट आहे आणि २००९ साली युनेस्कोनं त्या कलेची नोंद घेतली. बालीत ते विकायला येतं, काही तिथेही होतं.

बालीचं स्वतःचं कापड एंदेक, आणि बाई, तुम्ही स्वतःसाठी एक वस्तू घेणार असाल तर माझं मत एंदेकला. यात आडवं सूत, म्हणजे बाणा, विणण्याआधीच बांधून रंगवतात आणि मग माग चालतो. त्यामुळे नक्षीच्या कडा आडव्या दिशेनं जराशा पसरलेल्या, भुरकट दिसतात. छापलेल्या नकली एंदेकमध्ये त्याच कडा कापल्यासारख्या रेखीव असतात. खात्री करायची तर दुकानदाराला विचारून काठाजवळून आडवा एक धागा अर्धा इंच ओढून बघा. खऱ्या एंदेकचा एकच धागा मध्येच रंग बदलतो: इथे तांबडा, पुढे पांढरा, पुढे परत तांबडा, आणि रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत. छापील कापडातला धागा ओढला की एका अंगाला रंग आणि दुसऱ्या अंगाला कोरा. आंधळगाव-मोहाडीकडची करवती काठाची साडी ज्यांनी हातात घेऊन पाहिली आहे त्यांना ही तपासणी शिकवावी लागत नाही. बोटं आधी ओळखतात, डोळे मागून. दुकानदारानं धागा बघू दिला नाही तर उठा. आणि त्यानं बघू दिला, माल खरा निघाला, तर त्या कापडाचा भाव सारोंगसारखा अर्ध्यावर पाडू नका. विणणाऱ्या बाईच्या हातात त्यातलं किती पोहोचतं हे मला घरातून ठाऊक आहे.

पूर्वेला तेंगानान नावाच्या गावात गेरिंगसिंग विणतात. त्यात उभं आणि आडवं दोन्ही सूत आधी रंगवून नक्षी जुळवतात, आपल्या पाटणच्या पटोळ्यासारखं. जगात असं काम फार थोड्या ठिकाणी होतं. तांबडा रंग नोनीच्या झाडाच्या मुळांच्या सालीचा, निळा नीळीचा, आणि एक कापड पुरं व्हायला वर्षं लागतात. ते आपल्या बजेटच्या बाहेर आहे, शिवाय गाव लांब. उबुदच्या दुकानात कुणी चार-पाच लाख रुपियांत अस्सल गेरिंगसिंग म्हणून दाखवलं तर ते अस्सल नाही, एवढं ध्यानात ठेवा.

‘आता’ वेलीच्या गोल विणलेल्या पिशव्या सगळ्यांनाच हव्या असतात. ‘आता’ नावाची वेल असते, तिच्या बारीक काड्यांची वीण, आणि मग नारळाच्या सोडणांच्या धुरावर धरतात. म्हणून तो तपकिरी रंग आणि धुराचा वास. वास येत नाही आणि रंग हाताला लागतो, तर ती रंगवलेली आहे. झाकण दाबून बघा, वीण परत फुगून जागेवर आली पाहिजे. पट्टा जिथे शिवलाय तिथे अस्तर उचकून टाके मोजा. पिशवी नेहमी तिथेच तुटते. सांगतात साडेतीन लाख रुपिया, दीडच्या आसपास मिळते. नागपूरच्या पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलीत तर बुरशी धरेल, अधूनमधून उन्हात टाका.

लाकडाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे, कारण इथे नागपूरची हवा आड येते. बालीची हवा बारमाही दमट, आणि आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवेतला ओलावा वीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. तिथे गुळगुळीत दिसणारी मूर्ती इथे पहिल्याच उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत उभी तडकते. तुम्ही तर थेट मे महिन्यातच घरी आणणार. मोठी मूर्ती घेऊच नका. हातभराच्या आतली, कोरीव भाग पातळ असलेली, मासमधल्या एखाद्या आतल्या बाजूच्या घरातून घ्या. तळ उलटा करून बघा: तिथे लाकडाचा आडवा छेद दिसतो, केसासारखी भेग असेल तर ती वाढणार. आकाराच्या मानानं जड आणि हाताला गार लागली तर लाकूड ओलं आहे. घरी आणल्यावर प्लॅस्टिक आणि वर्तमानपत्रात गुंडाळून, रोज थोडं उघडून, महिनाभर सावकाश सुकू द्या. चंदनाची म्हणून सांगितलेली स्वस्त मूर्ती चंदनाची नसते.

चेलुकमध्ये चांदी घेताना ९२५ चा शिक्का बघा आणि वजन काट्यावर करून मागा. तिथे पैसा कामाचा असतो, धातूचा कमी. बारीक रव्यांचं दाणेदार काम ही त्या गावाची खासियत. नुसती साधी साखळी हवी असेल तर इतवारीच्या सराफ्यात घेतलेली बरी. कानातल्यांची छोटी जोडी, मागचा आकडा घट्ट आहे का बघून, एवढंच घ्या.

घरच्या दहा-बारा जणांसाठी माझी निवड सांगते. किंतामणीची अरेबिका कॉफी. भौगोलिक मानांकन मिळालेलं इंडोनेशियातलं ते पहिलं उत्पादन, २००८ साली. पूड नको असेल तर बिया घ्या, पण सीलबंद. कुसांबाच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूतून गाळलेलं खारं पाणी नारळाच्या कोरलेल्या खोडांत वाळवून मीठ करतात, त्याच्या छोट्या पिशव्या मिळतात आणि सासूबाईंना फार आवडतात असा माझा अनुभव आहे. नारळाच्या तेलाचे साबण, छापील सारोंग, मुलांना छोटे लाकडी मुखवटे. सगळं मिळून पाच-सहा हजारांत होतं. लुवाक कॉफी, म्हणजे उदमांजरानं खाऊन विष्ठेतून टाकलेल्या बियांची, मात्र घेऊ नका. उत्तरेच्या रस्त्यावर चालक हमखास तिथे थांबवतो. पुष्कळ ठिकाणी उदमांजरं अरुंद पिंजऱ्यांत कोंडलेली असतात, त्या कॉफीचं कौतुक करवत नाही. प्रवाळ, मोठे शंख, कासवाच्या पाठीच्या वस्तू यांना हात लावू नका. संरक्षित जीव आहेत, कस्टममध्ये अडवतील आणि अडवायलाच हवं. ताजी फळं आणि रोपंही नकोत.

सामानाचं वजन घरूनच ठरवा. जाताना प्रत्येकी दहा-अकरा किलोच न्या आणि एक वजनकाटा, तो लटकवायचा छोटा, सोबत ठेवा. सानूरच्या शेवटच्या रात्री बॅगा तोलून बघा. विमानतळावर जादा किलोला जे पैसे मागतात त्यात एक चांगलं एंदेक येतं.

बुकिंगचा क्रम असा ठेवा. आज घरी गेल्यावर दोघांचे पासपोर्ट काढा. बालीत उतरायच्या दिवसापासून पुढे सहा महिने मुदत हवी. कमी असेल तर आधी नूतनीकरण, मग तिकीट. तिकिटानंतर रद्द करता येतील अशा खोल्या. जायच्या पंधरवडाभर आधी व्हिसा, इंडोनेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. पत्त्याच्या शेवटी गो.आयडी आहे का बघा, कारण तसंच दिसणारी, दुप्पट पैसे घेणारी पानं पुष्कळ आहेत. पर्यटक कर फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालाय, तो ‘लव्ह बाली’ या सरकारी पानावर भरून त्याचा क्यूआर कोड मोबाईलमध्ये ठेवा. निघायच्या दोन-तीन दिवस आधी आगमनाचा ऑनलाइन फॉर्म. परतीच्या तिकिटाची छापील प्रत पर्समध्ये असू द्या, तिथे उतरल्यावर विचारतात.